दुःखाची भाषा आणि ऐकणाऱ्याची जात

'समुपदेशन' हा शब्द आपल्या जिल्ह्यात आता पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. महाविद्यालयात समुपदेशन कक्ष असतो. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाच्या दाराशी समुपदेशकाची खुर्ची असते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबेनात तेव्हा, २०१५ साली, शासनाने मराठवाडा आणि विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात परभणी होता. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन तणावात असलेली माणसे शोधावीत आणि त्यांना दवाखान्यापर्यंत आणावे, अशी ती योजना होती. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आला. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नव्हते. त्या मानाने पाहिले तर ऐकणाऱ्यांची संख्या वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ऐकणाऱ्याला नेमके काय ऐकू येते? हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे आणि त्याचे उत्तर शोधताना मला प्रथम स्वतःचीच झडती घ्यावी लागली.

मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. समुपदेशनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेला, म्हणून कक्षाची किल्ली माझ्याकडे आली. मी बौद्ध आहे. हे शेवटचे वाक्य परिचयासाठी लिहिलेले नाही. ते या लेखाच्या विषयातच मोडते.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी आपल्या आईला घेऊन कक्षात आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) गंगाखेड तालुक्यातले गाव, मातंग कुटुंब, दसऱ्यानंतर उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे. आईच्या अंगात येत असे. मंगळवार-शुक्रवार वारे आले की ती घुमायची, मोठ्याने बोलायची, मग दोन दिवस अंथरुणाला खिळून राहायची. मुलाला त्याची लाज वाटत होती. मी तिला समोर बसवले आणि सुमारे वीस मिनिटे बोललो. अंगात येणे म्हणजे मनाचा खेळ कसा असतो, देवी माणसात का येऊ शकत नाही, बाबासाहेबांनी देव का नाकारले, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काय सांगतो, सगळे सांगितले. ती पदर दातात धरून ऐकत होती. मधूनमधून 'व्हय सर' म्हणत होती. ती गेल्यावर मी नोंदवहीत लिहिले : 'सहकार्य चांगले.'

ती पुन्हा आली नाही. होळीच्या सुमारास भावकीने तिला बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबाच्या दर्ग्यावर नेले. मनाच्या आजाराची, करणी-बाधेची माणसे दुरून तिथे येतात, हे मराठवाड्यात सर्वांना माहीत आहे. त्या खर्चासाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घ्यावी लागली, आणि ती फेडायला पुढच्या हंगामात मुलगाही कोयत्यावर गेला. त्याची परीक्षा बुडाली. वर्षाने तो परत आला तेव्हा मी विचारले, आई पुन्हा का आली नाही? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आई म्हनली, ते जयभीमवाले सर हाईत. त्यांना आपला देव चालत न्हाई."

माझ्या बोलण्यात एकही असत्य नव्हते. माझ्या विचारांशी मी आजही प्रामाणिक आहे. तरीही त्या वीस मिनिटांत मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तिला काय होते, हे मला आधीच ठाऊक होते ना!

आता या विषयाचे शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत समुपदेशनाचे शास्त्र वाढले ते प्रामुख्याने गोऱ्या, शिकलेल्या, मध्यमवर्गीय माणसांच्या अनुभवावर. काळा माणूस, मेक्सिकन मजूर, चिनी स्थलांतरित समोर आला की ते शास्त्र अडखळू लागले. म्हणून १९८२ साली डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशकाच्या अंगी काय असावे याची मांडणी केली. तिची तीन अंगे होती : आपल्या स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, समोरच्या माणसाच्या जगाचे ज्ञान, आणि त्याच्याशी त्याच्या रीतीने बोलण्याचे कौशल्य. याला ते सांस्कृतिक क्षमता म्हणतात. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ही तीन अंगे पाठ करून घेतली जातात. मीही केली होती. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण पडले होते, हे येथे कबूल करतो.

या बाबतीत मला खरा धीर दिला तो फ्रान्झ फॅनन यांच्या अपयशाने. फॅनन यांचे नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. वसाहतवादाने माणसाच्या मनाचे काय केले हे सांगणारा तो काळा मनोविकारतज्ज्ञ. १९५३ साली ते अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांनी रुग्णांच्या सभा, सण-समारंभ, वार्तापत्र, हस्तकला असे सामूहिक उपचार सुरू केले. युरोपीय स्त्रियांच्या विभागात त्यांचा चांगला परिणाम दिसला. मुस्लिम पुरुषांच्या विभागात मात्र सगळे फसले. रुग्ण सभेला येईनात, आले तर बोलेनात. फॅनन यांना अरबी येत नव्हती, मध्ये दुभाष्या. १९५४ साली फॅनन आणि त्यांचे सहकारी झाक अझुले यांनी या फसगतीवर लेख लिहिला आणि दोष रुग्णांवर न ढकलता स्वतःकडे घेतला. आपण युरोपातली संस्था जशीच्या तशी आणली, या माणसांचे सण, बैठकीची जागा, कथा सांगण्याची रीत यांचा विचारच केला नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर त्या विभागात त्यांच्या पद्धतीचे कॉफीघर झाले, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, कथेकरी येऊ लागला, आणि माणसे हळूहळू बोलती झाली. स्वतः काळा असलेला, गुलामीचे मानसशास्त्र ज्याने लिहिले तो माणूस, वसाहतीतल्या दुसऱ्या माणसाला ओळखू शकला नाही. मग दलित असल्यामुळे मला प्रत्येक दलिताचे दुःख आपोआप कळेल, हे मी कशावरून गृहीत धरले?

आपल्याकडे संस्कृती हा शब्द वापरला की पोशाख, सण, जेवण डोळ्यांसमोर येते. परभणीत संस्कृतीच्या आधी जात येते. नवा माणूस कक्षात आला की पहिली पाच मिनिटे दोन्ही बाजूंनी आडनावाचा तपास चालतो. मी त्याचे आडनाव लिहितो आणि तो माझे आडनाव दारावरच्या पाटीवर वाचून आलेला असतो. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारायचे, गावावरून कळले नाही तर 'तिकडं कुणाचे तुम्ही?' येताना तो 'राम राम' म्हणतो, 'जय भीम' म्हणतो, 'जय लहुजी' म्हणतो की 'सलाम' करतो, आणि मी त्याला काय उत्तर देतो, यावर पुढचे पाऊण तास ठरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिल्यापासून तर बौद्ध आणि मातंग यांच्यातले बोलणे अधिक जपून होते. समुपदेशकाच्या खोलीला भिंती असतात, पण ही हवा भिंतीतून आत येते.

सवर्ण समुपदेशकाच्या बाबतीत एक चूक मला वारंवार दिसली आहे. तो म्हणतो, 'मी जात मानत नाही, मला सगळे सारखे.' यात त्याचा हेतू चांगला असतो. परंतु समोर बसलेल्या मुलीला वसतिगृहात पाण्याच्या माठावरून जे ऐकावे लागले ते त्याला ऐकूच येत नाही. तो तिला सांगतो, 'लक्ष देऊ नकोस, जुळवून घे.' तिच्या दुःखाचे कारण तो तिच्या स्वभावात शोधतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या अठराव्या कलमात सेवा देताना जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तिसरे कलम सांगते की माणसाची सामाजिक वा आर्थिक स्थिती किंवा तो कोणत्या समूहाचा आहे, यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कायदा चांगला आहे. पण जात 'न दिसणे' हा भेदभाव कोणत्या कलमात बसवायचा?

याचे सर्वांत बोचरे रूप म्हणजे भीतीचे निदान. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्याला लागलेले हिंसक वळण, मग वस्त्यांतून धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्यानंतरच्या महिन्यांत माझ्याकडे एक विद्यार्थी आला. रात्री गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज झाला की तो उठून बसायचा. दाराला आतून दोन कड्या लावायचा. मोबाईल बंद करून डब्यात ठेवायचा. एके ठिकाणी त्याला तपासले होते आणि कागदावर 'संशयी वृत्ती' अशा अर्थाचे काही लिहिले होते. तो कागद त्याने मला दाखवला आणि विचारले, "सर, म्या येडा हाव का?"

विल्यम ग्रिअर आणि प्राइस कॉब्ज या दोन काळ्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ साली 'ब्लॅक रेज' या पुस्तकात नेमका हाच प्रश्न हाताळला होता. अमेरिकेत काळा माणूस गोऱ्या समाजाकडे सावधपणे, संशयाने पाहतो. तसे पाहिले नाही तर तो जगू शकत नाही. हा संशय म्हणजे रोग नव्हे, ते शहाणपण आहे. त्या शहाणपणाच्या पलीकडे जे काही असेल, तेवढेच आजार म्हणून तपासावे, असे त्यांचे प्रतिपादन. मी त्या विद्यार्थ्याशी याच वाटेने बोललो. कोणती भीती खरी आहे आणि कोणती त्या खऱ्या भीतीची सावली आहे, हे आम्ही दोघांनी मिळून वेगळे करायचा प्रयत्न केला. वस्तीत पोलीस आले होते, हे खरे. मोबाईल डब्यात ठेवला की कोणी ऐकत नाही, ही सावली. झोप न येणे हे शरीराचे, त्यासाठी डॉक्टर. त्याची आजी १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतराच्या दंगलीत मुलांना घेऊन रात्रभर ओढ्यात बसली होती, हे तिसऱ्या भेटीत निघाले. तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही परभणीतच होता. तो १९९९ साली वेगळा झाला. त्या घरात 'दाराला कडी लावा' हे वाक्य तीन पिढ्या चालत आलेले. ते आजाराचे लक्षण म्हणून लिहायचे की इतिहास म्हणून?

१९७२ साली याच जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. राजा ढाले यांनी 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला आणि महाराष्ट्र हादरला. त्या प्रक्षोभातून चळवळ पुढे गेली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावे. त्या दोघींना पुढे रात्री झोप लागत होती का, हे कोणी विचारल्याचे मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्या मोर्च्यांना त्यांची गरज होती. त्यांच्या रात्रींची आपल्याला गरज वाटली नाही.

आता प्रश्नावलीकडे वळतो. नैराश्य मोजण्यासाठी जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात; मराठीतही ती आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असे वाटले, या पद्धतीने विचारायचे, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ती उपयोगी आहे. विशेषतः नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा आहे आणि तो सरळ विचारल्याने माणसाचा जीव वाचू शकतो. पण पहिलाच प्रश्न कामात रस किंवा आनंद वाटण्याविषयी. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला कामात रस वाटतो का, हे विचारले की ती आधी विचारणारीच्या तोंडाकडे पाहते. मग 'नाही' म्हणते. तिचे तीन गुण झाले. स्वतःविषयी कमीपणा वाटतो का, असाही एक प्रश्न आहे. हा प्रश्न गावकुसाबाहेरच्या माणसाला विचारताना, कमीपणा त्याला वाटतो आहे की त्याला वाटावा म्हणून गाव रोज राबते आहे, याची नोंद करायला त्या कागदावर चौकोन नाही.

उलटही घडते. आपल्या बायका 'मी उदास आहे' असे म्हणत नाहीत. 'जीव घाबरा व्हायलाय', 'डोक्यात कालवा व्हायलाय', 'हातापायातलं पाणी गेलंय', 'काळजात धस्स व्हतं', 'मन लागंना' असे म्हणतात. दवाखान्यात याची भाषांतरे होतात अशक्तपणा, रक्तदाब, पित्त. एक सलाईन, चार गोळ्या, आणि बाई घरी. परभणी शहरातल्या मुस्लिम वस्तीतली आई दखनीत सांगते तेव्हा तर ऐकणाऱ्याला शब्दही कळत नाहीत आणि तिचा तरुण मुलगाच दुभाष्या होतो. मुलासमोर कोणती आई नवऱ्याच्या मारहाणीचे सांगेल? येथे कौशल्य म्हणजे फार मोठे काही नाही. तिचेच शब्द कागदावर लिहायचे आणि पुढच्या वेळी तिच्याच शब्दांत विचारायचे : 'कालवा कमी झाला का?'

ज्ञानाबद्दल मात्र मी सावध झालो आहे. प्रशिक्षणात कधीकधी तक्ते देतात : अमुक समाज असा, त्यांच्यात स्त्रिया अशा, पारध्यांची श्रद्धा अशी, बंजारा तांड्यात असे. अशा तक्त्यांची मला भीती वाटते. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तेव्हा त्यांच्याजवळही समाजांविषयीचे भरपूर 'ज्ञान' होते. माणूस समोर असताना त्याच्या जातीचा धडा आठवणे म्हणजे जात नव्याने पाठ करणे. मेलनी टर्व्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोघींनी १९९८ मध्ये क्षमतेऐवजी विनम्रता हा शब्द सुचवला तो यासाठीच. दुसऱ्याची संस्कृती आपल्याला 'येते' असे कधी म्हणताच येत नाही, विचारतच राहावे लागते. आर्थर क्लाइनमन या वैद्यक-मानवशास्त्रज्ञाने रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न दिले आहेत. मी ते आपल्या बोलीत असे विचारतो : तुम्ही याला काय म्हणता? कशानं झालं असं वाटतं? कधीपासून? घरचे काय म्हणतात? आधी कुठं कुठं दाखवलं? सगळ्यात जास्त भेव कशाचं वाटतं? शेवटच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा पहिल्या प्रश्नाशी जुळत नाही. तिथून बोलणे सुरू होते.

कार्यकर्ते मित्र येथे आक्षेप घेतील. उद्या कोणी म्हणाले, माझ्यावर करणी केली आहे, तर तुम्ही मान डोलावणार काय? मुळीच नाही. देवी आहे असे मी म्हणत नाही. देवी काय बोलते ते विचारतो. या दोन गोष्टींत अंतर आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणी बांधत, मारत असेल तर तिथे विनम्रता संपते आणि कायदा सुरू होतो. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केलेली आहे, आणि २०१३ चा कायदाही आहे. पण घुमणाऱ्या बाईला पहिल्याच भेटीत बुद्धिवादाचा पाठ देणे म्हणजे ज्या एकाच दारातून ती बोलत होती, ते दार लावून घेणे. बाहेर दुसरे दार उघडल्याशिवाय ते लावू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुःखाचे मूळ व्यवस्थेत असताना माणसाला खोलीत बसवून त्याचे मन शांत करणे म्हणजे विद्रोह थंड करणे नव्हे काय? असे समुपदेशन असते, मी ते पाहिले आहे. कर्जबाजारी माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून घरी पाठवले जाते. फॅनन यांनी १९५६ साली ब्लिदा सोडले ते याच कारणाने. जो समाज माणसाला त्याच्याच भूमीत परका करतो, त्या समाजाशी माणसाला जुळवून देणे हे डॉक्टरचे काम असू शकत नाही, असे त्यांचे मत झाले होते. पण त्यांनी तोवर, आणि त्यानंतर ट्युनिसमध्येही, रुग्ण तपासणे सोडले नव्हते. मोर्च्यात चालणाऱ्या माणसालाही रात्री झोप लागावी लागते. आपल्या चळवळीतले किती कार्यकर्ते दारूने गेले, याचा हिशेब आपण मांडला नाही. मांडला असता तर हा आक्षेप इतक्या सहज घेतला गेला नसता.

आणि आपल्याच माणसाने आपल्या माणसाला समुपदेशन करावे, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. एक बौद्ध विद्यार्थिनी माझ्याकडे तीनदा आली आणि तीनदा हवापाण्याचे बोलून गेली. शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही आमच्यातलेच हाव, म्हणून सांगता येईना. तुम्ही विहारात येता. तिथं मामा असतो." ती जे सांगू शकत नव्हती ते तिने पुढे एका मुस्लिम परिचारिकेला सांगितले. तिच्या बाबतीत माझी जात हीच अडचण होती, आणि ती अडचण प्रेमाची होती.

समुपदेशनाच्या पाठ्यपुस्तकात आणखी एक नियम असतो : समोरच्याकडून काही घेऊ नये, खाऊ-पिऊ नये, अंतर राखावे. नियमामागचा विचार योग्य आहे. पण दलिताच्या घरी गेल्यावर 'नको, आत्ताच झाला' म्हणून चहा नाकारण्याचा अर्थ इथे एकच होतो. वरच्या जातीच्या कितीतरी सज्जन माणसांनी तो अर्थ पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला समजावून दिला आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात मी त्या विद्यार्थ्याच्या गावी गेलो. तो आता पदवीधर होऊन एका दुकानात काम करतो. आईने मला ओळखले. पाणी दिले, चहा ठेवला. कप पुढे करताना थांबली आणि म्हणाली, "तुमच्यात चालतो न्हवं आमच्यातला?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. सवर्णांच्या घरी तो माझ्या मनात येत असे. महार आणि मांग एकमेकांच्या हातचे खात नव्हते, ही गोष्ट माझ्या आजोबांच्या पिढीची; मी ती भाषणात उदाहरण म्हणून वापरतो. कप हातात घेऊन मी बसलो. या वेळी बोललो नाही. मग विचारले, "मावशी, वारं येतं तवा देवी काय म्हणती?"

ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. देवी हिशेब मागते, म्हणाली. कारखान्याच्या तळावर, कोपीत, तिची दीड वर्षाची मुलगी तापाने गेली होती. रात्री मुकादमाने गाडी दिली नाही. सकाळी पोरीला पुरले आणि दुपारी ती फडात होती, कारण उचल अंगावर होती. नवरा त्यावर कधी बोलला नाही. सासरच्यांनी पोरीचे नावही पुन्हा काढले नाही. मुकादम भावकीतलाच, त्याच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. देवी मात्र त्याच्या दारात जाऊन ओरडू शकत होती, आणि तो हात जोडून ऐकत होता.

पोरीचे नाव मी विचारले. तिने सांगितले.

दसऱ्याआधी आणखी तीन भेटी झाल्या. झोप आणि धडधड यांसाठी तिला डॉक्टरांकडे नेले, त्यांनी गोळी दिली. वारे अजूनही येते, पण दर आठवड्याला नाही. हंगामात ती पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर गेली तेव्हा शुक्रवारी रात्री मुलाच्या मोबाईलवरून बोलायचे ठरले होते. तळावर रेंज असली तर बोलणे होई. पौषात एकदा तिने स्वतःहून, भलत्याच दिवशी फोन लावला. मी घाबरलो. ती म्हणाली, गोळ्या संपल्यात, इथल्या दवाखान्यात जुना कागद दाखवू का, का तुमच्या तोंडून सांगताव?